सांगलीतल्या दुकानाची जाहिरात: निवडक लोकांना दाखवायची की सगळ्या गावाला?

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पहिल्यांदाच जाहिरात करायला निघालेला दुकानदार बहुधा एकच मागणी करतो: ‘जे घेणारे आहेत त्यांनाच दाखवा, उगाच सगळ्या गावावर पैसे घालवू नका.’ मागणी व्यवहाराची वाटते. रिक्षावर भोंगा लावून मारुती चौकापासून विश्रामबागेपर्यंत फिरवला, तर ऐकणाऱ्यांत गिऱ्हाईक किती आणि रिकामटेकडे किती हे कळायला मार्ग नसतो. इथे मात्र वय, लिंग, ठिकाण, आवडीनिवडी असं सगळं निवडता येतं. मग ते का निवडू नये?

माझं मत जरा उलट आहे. सांगली-मिरजेएवढ्या बाजारपेठेत आणि दिवसाला दोन-चारशे रुपयांच्या बजेटमध्ये ठिकाण काटेकोर निवडावं, माणसं फारशी निवडू नयेत. याला अपवाद आहेत, तेही पुढे येतील. लेख फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या अ‍ॅड्स मॅनेजर या जाहिराती लावायच्या साधनाला धरून लिहिला आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या व्यवसायांची सुरुवात तिथूनच होते. त्यातल्या मेनूंची नावं आणि जागा अधूनमधून बदलतात, तेव्हा एखादं बटण जागेवर दिसलं नाही तर आजूबाजूला शोधा. मागचा हिशेब तोच राहतो.

आधी कागदावरचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५ लाखांच्या थोडी वर होती, सगळ्या जिल्ह्याची २८ लाखांच्या वर. शहराच्या आकड्यातून लहान मुलं वगळा, फेसबुक-इन्स्टाग्राम न वापरणारे वगळा. उरलेल्यांवर ‘फक्त बायका’, ‘वय २५ ते ४०’, ‘दागिन्यांची आवड’, ‘ऑनलाइन खरेदी करणाऱ्या’ अशा एकामागून एक चाळण्या लावत गेलात, की हातात काही हजार माणसं उरतात. पुण्या-मुंबईत याच चाळण्यांतून लाखांत माणसं उरतात, म्हणून तिकडच्या व्हिडिओत शिकवलेली युक्ती इकडे जशीच्या तशी चालत नाही.

आता पैसे मांडू. भाव मी फक्त हिशेबासाठी धरतोय, तुमचे खरे भाव तुमच्या खात्यात दिसतील. समजा बजेट रोज ३०० रुपये, म्हणजे महिन्याला ९,०००. जाहिरात हजार वेळा दिसायला ६० रुपये पडतात असं धरलं, तर महिन्यात ती दीड लाख वेळा दिसेल. ऑडियन्स, म्हणजे जाहिरात ज्यांना दाखवायची तो गट, ६,००० माणसांचा असेल तर एकेकाला सरासरी २५ वेळा. इतक्या वेळा तीच पैठणी बघून कुणाचीही घेण्याची इच्छा वाढत नाही, उलट ‘ही जाहिरात लपवा’ दाबणारे वाढतात. तीच दीड लाख वेळा एक लाख माणसांत वाटली तर एकेकाला दीड वेळा, आणि हेही कमीच, कारण एकदा-दीडदा दिसलेलं दुकान कुणाच्या लक्षात राहत नाही. महिन्याला ३०-४० हजार माणसांना चार-पाच वेळा दिसलं तर या बजेटात काम बरं होतं. अ‍ॅड्स मॅनेजरच्या अहवालात ‘रीच’ म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांनी पाहिलं आणि ‘फ्रिक्वेन्सी’ म्हणजे प्रत्येकी सरासरी किती वेळा. नवख्या माणसाने लाइक्सच्या आधी हे दोन रकाने बघायची सवय लावावी.

दुसरा हिशेब मशीनच्या शिकण्याचा. नवा अ‍ॅड सेट (मोहिमेतला एक भाग, ज्याचं ठिकाण, माणसं आणि बजेट एकत्र ठरतं) सुरू झाला की मेटाची यंत्रणा काही दिवस चाचपडते: कोण मेसेज करतं, कोण नुसतं बघून पुढे जातं. या काळाला ‘लर्निंग’ म्हणतात. तो संपायला एका अ‍ॅड सेटला आठवड्यात साधारण ५० वेळा हवी ती कृती मिळावी लागते, मग ती मेसेज असो, फॉर्म असो की खरेदी. आठवड्याचे २,१०० रुपये आणि एक चौकशी ४० रुपयांना पडली, तर ५२ चौकश्या येतात, म्हणजे कसंबसं जमतं. तेच पैसे ‘कॉलेजच्या मुली’, ‘नोकरदार बायका’, ‘लग्नघरं’ असे तीन अ‍ॅड सेट करून वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला १७ येतात आणि तिन्ही अ‍ॅड सेट अर्धवट शिकलेले राहतात. मधेच कुणीतरी घाबरून ऑडियन्स बदलतं, मग शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

हा प्रश्न फक्त आपल्यासारख्यांना पडतो असं नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही जाहिरातींवर जगात सर्वाधिक खर्च करणाऱ्यांतली कंपनी. तिने फेब्रीझ या घरात मारायच्या सुगंधी फवाऱ्याची फेसबुक जाहिरात पाळीव प्राणी असलेली घरं आणि मोठी कुटुंबं निवडून दाखवली, तेव्हा विक्री जिथल्या तिथे राहिली. १८ वर्षांवरच्या सगळ्यांना दाखवायला लागल्यावर ती वाढली. २०१६ साली कंपनीने उघडपणे सांगितलं की आपण फारच बारीक निवड करत होतो. पण त्याच कंपनीने बाळाच्या डायपरसाठी गरोदर बायकांना निवडणं सोडलं नाही. म्हणजे प्रश्न मालाचा आहे: तो कुणीही घेऊ शकतं, की मोजकेच घेऊ शकतात? भडंग, साडी, चष्मा, केक, मोबाइलचं कव्हर हे पहिल्या गटातले. द्राक्षबागेची औषधं, वधूचा मेकअप, दहावीचा क्लास हे दुसऱ्या. आपला माल कुठल्या गटातला, हे खातं उघडण्याआधी कागदावर लिहा.

पायरी १: काय घडायला हवं ते ठरवा

नवी मोहीम सुरू करताना अ‍ॅड्स मॅनेजर पहिलं विचारतो ते उद्दिष्ट. सहा पर्याय असतात: अवेअरनेस, ट्रॅफिक, एंगेजमेंट (लाइक, कमेंट, मेसेज), लीड्स, अ‍ॅप प्रमोशन आणि सेल्स. बहुतेक लोक हा पडदा घाईत ओलांडून ऑडियन्सच्या पानावर जातात आणि तिथे तासभर घालवतात. करायला हवं ते याच्या उलट, कारण खरी निवड इथेच होते.

तुम्ही जे मागाल ते करणारी माणसं यंत्रणा शोधते. ट्रॅफिक मागितलं तर दिसेल त्या दुव्यावर बोट ठेवण्याची सवय असलेले लोक मिळतात. त्यातले किती दुकानात येतील, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. लाइक-कमेंट मागितल्या तर ‘छान’, ‘मस्त’ लिहिणारे मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज मागितले तर मेसेज करणारे मिळतात. एकाच गावातल्या त्याच दोन लाख लोकांतून तीन उद्दिष्टांसाठी तीन वेगळे घोळके निघतात, तुम्ही एकही आवड निवडलेली नसताना.

वेबसाइट नसलेल्या दुकानाने एंगेजमेंटमधला व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा पर्याय घ्यावा. क्लास, दवाखाना, फ्लॅटची स्कीम यांना लीड्स, म्हणजे फेसबुकच्या आतच नाव-नंबर भरून घेणारा फॉर्म. मात्र फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेले येतात, त्यामुळे लोक सहज बोट लावून मोकळे होतात आणि फोन केला की ‘मी कुठे भरला फॉर्म?’ म्हणतात. त्यात एखादा हाताने उत्तर लिहायचा प्रश्न घाला, उदाहरणार्थ ‘मुलगा कितवीत आहे?’. चौकश्या कमी होतील, पण येतील त्या खऱ्या असतील.

अवेअरनेस कधी? दुकानाचं उद्घाटन, जागा बदलली, दिवाळीआधीचे पंधरा दिवस, गुढीपाडव्याचा आठवडा. तेव्हा जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचणं हेच काम असतं. या उद्दिष्टात ठरावीक दिवसांत एका माणसाला जाहिरात जास्तीत जास्त किती वेळा दिसावी, ही मर्यादाही घालता येते.

पोस्टखालच्या निळ्या ‘बूस्ट’ बटणाबद्दल सारखं विचारलं जातं. एखाद्या पोस्टला दोनशे रुपये लावून हात बसवायला ते ठीक आहे. पण त्यात पर्याय तोकडे असतात, दोन प्रकारांची सरळ तुलना करता येत नाही, आणि उद्दिष्टाकडे लक्ष न देता दाबलं की पैसे लाइक्सवर जातात. महिन्याला दोन-तीन हजार खर्च करणार असाल तर पहिल्या दिवसापासून अ‍ॅड्स मॅनेजर शिका.

पायरी २: जागा

इथे मात्र कंजुषी करा. ‘सांगली’ असं शहराचं नाव टाकलं की त्याभोवती १७ किलोमीटरपासून वरचाच घेर मिळतो. त्याऐवजी नकाशावर आपल्या दुकानावर पिन टोचा, म्हणजे घेर एका किलोमीटरपासून ८० किलोमीटरपर्यंत हवा तसा ठेवता येतो.

विश्रामबागेत पिन टोचून १५ किलोमीटर घेतले, तर सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर, बुधगाव, हरिपूर आणि थेट जयसिंगपूरही आत येतं. साडी, फर्निचर, चष्मा यांसाठी हा घेर मला योग्य वाटतो. जयसिंगपूर कोल्हापूर जिल्ह्यात आहे म्हणून ते वगळू नका, तिथल्या माणसाला खरेदीला सांगली जवळ आहे. केक, जिम, पार्लर, पोळी-भाजी केंद्र यांना तीन-चार किलोमीटर पुरे. कुपवाडचा माणूस जिमसाठी रोज गावभागात येणार नाही.

मोह होतो तो ४०-५० किलोमीटरचा. ‘तासगाव, पलूस, विटा सगळं घेऊ’ म्हणून घेर वाढवला की इचलकरंजी आणि कोल्हापूर दोन्ही आत येतात, दक्षिणेला कर्नाटकातलं कागवाडही येतं. वर्तुळ हवाई अंतराचं असतं, त्याला रस्ता, नदी आणि जिल्ह्याची हद्द कळत नाही. कोल्हापूर-इचलकरंजीत माणसं जास्त, म्हणून पैसेही तिकडेच वाहत जातात, आणि दुकानदार म्हणतो, ‘जाहिरात चालतेय पण गिऱ्हाईक येत नाही.’ एका मोठ्या वर्तुळाऐवजी तासगाव, पलूस आणि विट्यावर तीन छोट्या पिना टोचा. नको असलेली ठिकाणं वगळण्याची सोयही त्याच चौकटीत आहे, इचलकरंजी आणि कोल्हापूर तिथे टाका.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. मेटा त्या जागी राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले यांना एकत्रच धरतं. गणपती मंदिरात दर्शनाला आलेला पाहुणाही तुमच्या घेरात मोजला जाऊ शकतो. स्टेशन चौकातल्या लॉजला हे फायद्याचं, पोळी-भाजीवाल्याला नाही.

मिरजेतल्या दवाखान्यांची गोष्ट वेगळी. तिथे उपचारांसाठी कर्नाटकातून माणसं येतात, तेव्हा अथणी-कागवाडकडचा भाग मुद्दाम घ्यावा, पण वेगळ्या अ‍ॅड सेटमध्ये आणि कन्नड जाहिरातीसह. मराठी जाहिरात तिकडे पाठवून घेर वाढवल्याचं समाधान मिळेल, रुग्ण मिळणार नाहीत.

पायरी ३: माणसं

नव्या अ‍ॅड सेटमध्ये आता ‘अ‍ॅडव्हांटेज प्लस ऑडियन्स’ सहसा आधीच चालू असतं. त्यात ठिकाण, किमान वय आणि भाषा यांना यंत्रणा सक्त मर्यादा मानते. तुम्ही सुचवलेलं वय, लिंग आणि आवडी ही नुसती सूचना असते, आणि बाहेर बरा माणूस दिसला तर ती त्यालाही जाहिरात दाखवते. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि ‘मी बायकाच निवडल्या होत्या, पुरुषांना कशी दिसली?’ असा प्रश्न येतो. सक्त निवड हवी असेल तर त्याच चौकटीत मर्यादा घालण्याचा वेगळा दुवा आहे. तो उघडण्याआधी पुढचं वाचा.

लिंग. साडीच्या दुकानालाही मी ‘सर्व’ ठेवायला सांगतो. किती घरांत बायकांचं फेसबुक मुलाने काढून दिलेलं असतं, आणि लग्नाच्या बस्त्याचे पैसे कोण मोजतं हेही आठवून बघा. बायकांना जास्त रस असेल तर यंत्रणा दोन-तीन दिवसांत आपणच तिकडे वळते.

वय. फेसबुकवरचं वय माणसाने स्वतः भरलेलं असतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मेटा जाहिरातदाराला वय आणि ठिकाण याव्यतिरिक्त काहीच निवडू देत नाही. म्हणून दहावीच्या क्लासने मुलांच्या मागे लागू नये, पालकांशी बोलावं. तिथे ३५ ते ५२ असं वय सुचवणं रास्त आहे.

भाषा. ‘मराठी’ निवडायचा मोह आवरा आणि हा रकाना रिकामा ठेवा. अस्सल सांगलीकराच्याही फोनची भाषा बहुधा इंग्रजीच असते. मराठी निवडलंत तर तोच गळण्याची भीती. जाहिरात मराठीत लिहिली की वाचणारे आपोआप वेगळे होतात.

आवडी. कुणाला कशाची आवड आहे हे मेटा त्याच्या वागण्यावरून ताडतं, आणि आपल्या भागात त्याचे घोटाळे बघण्यासारखे असतात. ‘हळद’ या आवडीत त्वचेचे घरगुती उपाय बघणाऱ्या मुली येतात, मार्केट यार्डातला अडत्या क्वचित. ‘द्राक्ष’ निवडलं तर वाइनच्या रील बघणारा पुण्याचा आयटीवालाही त्यात असतो, तो शनिवार-रविवार गावी आला की तुमच्या पिनेतही असतो. शिवाय आरोग्य, धर्म, राजकीय मतं अशा नाजूक विषयांशी जोडलेले पर्याय मेटाने जानेवारी २०२२ मध्ये काढून टाकले. आयफोनवर २०२१ पासून अ‍ॅपला माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागते, त्यामुळे कोण कुठे काय बघतं याची माहितीही आटली. पाच वर्षांपूर्वी एखाद्याने आवडी निवडून पैसे कमावले असतील, पण तेव्हाच्या मापाने आजची जाहिरात बेतू नये.

पायरी ४: निवड जाहिरातीतच करा

मग नको असलेली माणसं गाळायची कशी? जाहिरातीच्या पहिल्या ओळीने आणि पहिल्या चित्राने. बहुतेक मोहिमा इथेच जिंकतात किंवा हरतात.

समजा तासगावात द्राक्षबागेची औषधं विकणारं दुकान आहे. ‘शेतीविषयक सर्व औषधे योग्य दरात मिळतील’ असं लिहिलं तर कुणीच थांबणार नाही. ‘ऑक्टोबर छाटणी झाली का? डिपिंगच्या आधी हे वाचा’ असं लिहिलं, तर बागायतदाराशिवाय कुणाला त्यातलं काही कळणार नाही, आणि बागायतदार हमखास थांबेल. बाकीचे पुढे सरकतील. मेसेजवर चालणाऱ्या मोहिमेत यंत्रणा कोण थांबलं, कोणी मेसेज केला हे बघत त्यांच्यासारखे आणखी शोधते. आवडींच्या यादीत ‘द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका’ असा पर्याय नाही, पण दोन दिवसांत या जाहिरातीने तो तयार होतो.

असंच दर सांगण्याचं. लग्नाच्या शालूचा दर १२,००० पासून असेल तर तो चित्रावरच लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हणाल तर दिवसभर ‘प्राइस प्लीज’ला उत्तरं देत बसाल, आणि यंत्रणा दर विचारून गप्प होणारेच आणून देत राहील. दर लिहिल्याने चौकश्या कमी येतात, हे खरं. पण दुकानदाराचा वेळही मोजायचा असतो.

जागेची खूणही तशीच. ‘विलिंग्डन कॉलेजजवळ’ असं पहिल्या ओळीत असलं की बाहेरगावचा माणूस पुढे सरकतो आणि विश्रामबागेतला थांबतो. दुकानाच्या दाराचा, रस्त्याचा, ओळखीच्या चौकाचा साधा मोबाइल व्हिडिओ मला नेटवरून उचललेल्या गुळगुळीत फोटोपेक्षा केव्हाही बरा वाटतो. भडंगाची जाहिरात असेल तर कढई, लसणाची फोडणी आणि त्यावर पडणारे चुरमुरे पहिल्या तीन सेकंदांत दिसू देत. दुकानाचा लोगो गोल गोल फिरवत आणण्यात ते तीन सेकंद घालवू नका.

एक मर्यादा पाळा. वाचणाऱ्याच्या आजारावर, धर्मावर, आर्थिक अडचणीवर थेट बोट ठेवणारी जाहिरात मेटा नाकारतं. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ चालत नाही, ‘मिरजेत मधुमेह तपासणी शिबिर, रविवारी सकाळी’ चालतं. धंदा, हंगाम, जागा, दर यांवरून हाक मारा, माणसाच्या खासगी गोष्टीवरून नको.

एका अ‍ॅड सेटमध्ये अशा तीन-चार वेगळ्या जाहिराती टाका. एक हंगामाची, एक दराची, एक गिऱ्हाइकाच्या तोंडून. ऑडियन्स तोच, हाक वेगळी. रंग बदलून तेच चित्र चार वेळा टाकणं म्हणजे वेगळी जाहिरात नव्हे.

पायरी ५: ओळखीच्या माणसांना वेगळं गाठा

बारीक निवड खरोखर कामाला येते ती इथे. अनोळखी गावातून गिऱ्हाईक हुडकण्यापेक्षा, ज्याने आपल्यात आधीच थोडा रस दाखवला आहे त्याच्याकडे परत जाणं सोपं. यासाठी ‘कस्टम ऑडियन्स’ असतं. तुमचा व्हिडिओ निम्म्यापर्यंत बघितलेले, पेजला किंवा इन्स्टाग्रामला मेसेज केलेले, पोस्ट सेव्ह केलेले अशा लोकांचा गट करता येतो, तोही मागच्या ३६५ दिवसांपर्यंतचा. वेबसाइटवर पिक्सेल (तिथे कोण आलं ते मेटाला कळवणारा छोटा कोड) बसवला असेल तर तिथे येऊन गेलेल्यांचा गट १८० दिवसांपर्यंतचा होतो.

या गटाला नव्या माणसाची जाहिरात दाखवू नका. त्यांना दुकान माहीत आहे, आता त्यांना कारण हवं: नवा माल आला, ऑफर रविवारपर्यंत आहे, प्रवेशाच्या दहा जागा उरल्या आहेत. बजेटचा साधारण पाचवा हिस्सा इकडे लावावा. गट लहान असतो, जास्त लावलंत तर वर सांगितलेला २५ वेळांचा प्रकार होईल.

बिलबुकातले मोबाइल नंबर वापरूनही असा गट होतो. नंबरांपुढे ९१ लावून यादी चढवायची, मेटा त्यातले आपल्याकडचे लोक जुळवतं. पण ते नंबर गिऱ्हाइकाने बिलासाठी दिलेले असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे, तेव्हा बिल करतानाच ‘ऑफर कळवल्या तर चालतील का?’ असं विचारून हो-नाही लिहून ठेवा. ‘सांगलीतले दहा हजार नंबर, फक्त दोन हजारात’ असं सांगत येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. त्या यादीतल्या माणसांनी तुम्हाला कसलीच संमती दिलेली नसते.

‘लुकअलाइक’बद्दल थोडक्यात. तुमच्या गिऱ्हाइकांसारखे दिसणारे लोक शोधून देणारा हा प्रकार देशाच्या पातळीवर चालतो. भारतातल्या वापरकर्त्यांच्या एक टक्का म्हणजे लाखो लोक, आणि त्यातले तुमच्या १५ किलोमीटरमध्ये राहणारे फारच थोडे. स्थानिक दुकानाला याचा उपयोग नाही. देशभर माल पाठवणाऱ्याला आहे.

पायरी ६: माल बाहेर पाठवत असाल तर

तासगावचा बेदाणा किंवा हळद घरपोच पाठवणाऱ्याला वरचा निम्मा सल्ला उलटा करून घ्यावा लागतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला नेमकं हेच ठाऊक नसतं, म्हणून जाहिरातीत ते ठळक यावं. सांगलीत मात्र त्याचा काही उपयोग नाही, इथल्या माणसाला बेदाणा कुठला चांगला हे सांगायला जाऊ नये.

घेर मोठा हवा, पण ३०० रुपयांत सगळा महाराष्ट्र घेतला तर कुठेच ठसा उमटत नाही. आधी एक शहर घ्या, पुणे किंवा नवी मुंबई, जिथे कुरिअर दोन-तीन दिवसांत पोचतं आणि पाठवणीचा खर्च परवडतो. तिथे माणसं भरपूर आहेत, त्यामुळे ‘गृहिणी’, ‘सुकामेवा’ अशी एखादी चाळणी लावून बघितली तरी ऑडियन्स आटत नाही. वेबसाइटवर पैसे भरण्याची सोय असेल तर सेल्स उद्दिष्ट घ्या, पिक्सेल आधी बसवा आणि एकदा स्वतः खरेदी करून तो नोंद करतोय का ते तपासा. नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपच बरं. एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची सरकारी) नोंदणी नसताना खाण्याच्या मालाची जाहिरात मात्र सुरू करू नका.

दुसऱ्या टोकाला कुपवाड एमआयडीसीतला यंत्राचे सुटे भाग करणारा कारखानदार आहे. त्याची गिऱ्हाइकं मोजून पन्नास-साठ कंपन्या. त्याने सगळ्या गावाला जाहिरात दाखवू नये आणि बारीक चाळणीही लावू नये. या कंपन्यांच्या खरेदी विभागांना फोन करावा, जाऊन भेटावं. सगळा धंदा फेसबुकवरून होत नाही, हे फेसबुकची जाहिरात शिकवणारे सहसा सांगत नाहीत.

पायरी ७: माझ्या शब्दावर विसंबू नका, तपासून बघा

तुमचा माल, तुमचं गाव, तुमचा हंगाम वेगळा असू शकतो. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ‘ए-बी टेस्ट’ची सोय आहे. एका बाजूला फक्त १५ किलोमीटरची पिन आणि १८ वर्षांवरचे सगळे, दुसऱ्या बाजूला तीच पिन आणि तुम्हाला योग्य वाटतं ते वय, लिंग, आवडी. जाहिराती दोन्हीकडे त्याच, बजेट सारखं, मुदत दोन आठवडे. हातानेच दोन वेगळे अ‍ॅड सेट चालवलेत तर एकच माणूस दोन्हीकडे सापडतो आणि तुलना बिघडते. टेस्टमध्ये यंत्रणा लोकांची वाटणी करते.

दोन आठवडे हात लावू नका. पहिल्या दोन दिवसांत निकाल वर-खाली होणारच.

मोजायचं काय? लाइक सोडून द्या, चौकशीचा खर्चही पुरेसा नाही. गल्ल्यावर एक वही ठेवा. प्रत्येक बाजूच्या जाहिरातीत एक वेगळा शब्द सांगायला लावा, ‘कृष्णा म्हणा, पाच टक्के सूट’ आणि ‘वारणा म्हणा, पाच टक्के सूट’. त्यापुरता जाहिरातीतला तेवढा एक शब्द बदलेल, बाकी सगळं तेच ठेवा. महिनाअखेरीस कुठल्या शब्दावर किती बिलं झाली आणि किती रुपयांची, हे वहीत दिसेल. अ‍ॅड्स मॅनेजर एक बाजू स्वस्त दाखवेल आणि वही दुसरी, असं होऊ शकतं. अशा वेळी वहीचं ऐका.

फ्रिक्वेन्सी चढत चालली आणि चौकशीचा दर महागत चालला, तर ऑडियन्स आटतोय. आधी जाहिरात बदला, मग घेर थोडा वाढवा. फ्रिक्वेन्सी कमी असूनही चौकश्या नसतील तर दोष बहुधा जाहिरातीच्या पहिल्या ओळीत असतो. भरपूर चौकश्या आणि विक्री शून्य असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर कोण देतं आणि किती वेळाने, ते बघा. दुपारी एकला आलेल्या मेसेजला रात्री नऊला उत्तर गेलं, तर त्यात माणसं निवडण्याचा काय दोष?

शेजारचे काय करतात तेही उघड आहे. मेटाची ‘अ‍ॅड लायब्ररी’ कुणालाही बघता येते, पेजचं नाव टाकलं की त्याच्या चालू जाहिराती दिसतात. त्या कुणाला दाखवल्या जातात ते तिथे कळत नाही, पण एखादी जाहिरात दोन-तीन महिने टिकून असेल तर ती त्याला परवडत असावी, एवढा अंदाज बांधता येतो.

बिल आणि कागदपत्रं

जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९,००० चं बजेट खिशातून १०,६२० होतं. नोंदणीकृत व्यापाऱ्याने खात्याच्या बिलिंग विभागात आपला जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी भरावा, म्हणजे बिलावर तो येतो आणि सीएला तो कर तुमच्या जीएसटीतून वजा धरता येतो. खातं दुकानाच्या नावाने आणि मालकाच्या ताब्यात असू द्या, जाहिरात करून देणाऱ्या पोराला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला, तर वर्षभराचे कस्टम ऑडियन्स त्याच्याबरोबर जायला नकोत. निवडणुकीच्या किंवा सामाजिक प्रश्नाच्या जाहिरातीसाठी ओळख पडताळणी करून ‘पैसे कोणी दिले’ ही ओळ लावावी लागते. एखाद्या इच्छुकाने वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स तुमच्या दुकानाच्या पेजवरून बूस्ट करायला सांगितला, तर त्याला ही पडताळणी स्वतःच्या नावाने करून घ्यायला सांगा.